कारखान्याच्या अहवालात हवेचंही एक पान असू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि संचालक मंडळ,
कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी साखर कारखाने

सविनय नमस्कार.

मी तुमच्यापैकी एका कारखान्याची सभासद आहे. पंचगंगेच्या काठाला आमची दोन एकर जमीन आहे, ऊस माझ्याच नावावर नोंद होतो. नोकरीची तीस वर्षं मी करवीर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. गेल्या वार्षिक सभेत मी माईक मागितला होता. अहवालात 'पूरपरिस्थितीमुळे' हा शब्द चार ठिकाणी आला होता आणि ही परिस्थिती पुन्हा पुन्हा का येते यावर एक ओळही नव्हती, एवढंच मला विचारायचं होतं. विषय पत्रिकेवर नाही म्हणून मला बसायला सांगितलं. राग धरून लिहीत नाही. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून सगळ्याच कारखान्यांच्या संचालकांपुढे आज सविस्तर मांडते.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आपल्याकडे शाळेतली पोरंही सांगतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळेला पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, दोन्ही वेळेला चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली. २०२१ चं पाणी उतरल्यावर मी शेतात गेले तेव्हा आमची सुरू हंगामातली उसाची लागण उभी होती. बांधावरून हिरवीही दिसत होती. एका उसाचा पोंगा धरून नुसता ओढला, तर अलगद हातात आला. बुडाशी कुजून तपकिरी झालेला, आत बारीक चिकट गाळ भरलेला, आणि सडक्या अंड्यासारखा वास. दुसरा ओढला, तिसरा ओढला. सरीच्या शेवटापर्यंत तेच.

पुराचा विषय निघाला की आपल्याकडे कर्नाटकातलं अलमट्टी धरण निघतं, धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं ते निघतं, महामार्गाचा भराव निघतो, नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत झालेली बांधकामं निघतात. या सगळ्यावर भांडलंच पाहिजे, मीही तुमच्याबरोबर येईन. पण चार-पाच दिवसांत आभाळ एवढं ओततंच कसं, हा प्रश्न त्या भांडणात कुठेच येत नाही. तो येत नाही याचं कारण माझ्या मते असं आहे की हरितगृह वायू म्हणजे नेमकं काय, हे आपल्याला कुणी नीट समजावूनच सांगितलेलं नाही. पेपरात 'कार्बन' हा शब्द येतो, आपण पान उलटतो.

तर आधी ते सांगते. पौषात ज्या रात्री आभाळ निरभ्र असतं त्या रात्री हुडहुडी भरते, पहाटे उसाच्या पानावर दव साचतं. त्याच महिन्यात एखाद्या रात्री आभाळ आलं की अंगावर पांघरूण नको वाटतं. राखणीला रात्र काढलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात वर सोडत असते. आभाळ मोकळं असेल तर ती बरीचशी निघून जाते. हवेत बाष्प आणि ढग असतील तर ते ती उष्णता धरतात आणि त्यातली काही पुन्हा खाली पाठवतात. हरितगृह वायू हेच काम करतात, फक्त ते रात्रंदिवस, बारा महिने आणि साऱ्या पृथ्वीवर.

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा. त्यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे असतात, ते ही उष्णता धरू शकत नाहीत. कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांच्या रेणूंची ठेवण वेगळी. उष्णतेच्या किरणांनी ते वाकतात, थरथरतात आणि ती उष्णता शोषून घेतात. हे वायू हवेत नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असतं. ते आज सुमारे १५ अंश आहे, म्हणून ऊस उगवतो आणि आपण जगतो. तेव्हा हे वायू मुळात वैरी नव्हेत. अंगावर एक वाकळ हवीच असते. वैशाखात कुणी त्यावर दुसरी टाकली तर जे होतं, ते आता चाललंय.

'हरितगृह' हे नाव मात्र थोडं चकवतं. शिरोळ तालुक्यात गुलाब-जरबेऱ्याची हरितगृहं तुम्ही पाहिली आहेत. आतली गरम हवा प्लॅस्टिकमुळे बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ते तापतं. आकाशात असा कागद ताणलेला नाही. तिथे वायूचे रेणूच उष्णता धरतात. आणि वर्गात दरवर्षी हमखास निघणारा एक गैरसमजही इथेच काढते. ओझोनच्या थराला पडलेलं छिद्र हा वेगळा विषय. त्या छिद्रातून जास्त ऊन येतं म्हणून पृथ्वी तापते आहे, असं नाही.

हे कुणाचं नवं खूळ नाही. अमेरिकेतल्या युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यांत जास्त तापली आणि निवायलाही वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक गरम राहिली असती, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी कोणता वायू उष्णता धरतो आणि कोणता नाही हे मोजायला सुरुवात केली. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित कागदावर मांडलं. तेव्हा आपल्या राधानगरी धरणाची पायाभरणीसुद्धा झाली नव्हती.

आता हवेत तो आहे तरी किती? हजारो वर्षं दहा लाख भागांत साधारण २८० भाग होता. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा ३१५ च्या आसपास भरला. आज तो ४२० च्या पुढे गेलाय. दहा लाखांत सव्वाचारशे म्हणजे नगण्य वाटतं. फवारणीचा हिशेब घाला. पंधरा लिटरच्या पंपात सहा मिली औषध म्हणजे दहा लाखांत ४०० भाग. पूर्वी हवेत होता तो डोस चार मिलीचा, आज सहाच्या वर. औषधाच्या दुकानात चारऐवजी सहा मिली सांगितलं तर आपण दोनदा विचारून घेतो, कारण एवढ्याशा थेंबाने पान करपतं हे आपण पाहिलेलं असतं.

हा वाढलेला वायू आपल्याच चिमण्यांतून आणि गाड्यांतून आलेला आहे, हेही ओळखता येतं. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत पडून राहिल्यामुळे त्यांच्यातला किरणोत्सारी कार्बन-१४ संपून गेलेला असतो. हवेतल्या कार्बनमध्ये असा जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन मिसळत चाललेला मोजणीत दिसतो. सूर्यच जास्त तापला असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. तसं न होता खालचा थर तापतोय आणि वरचा निवतोय. उष्णता खालीच अडकली, की असंच होणार.

इथे तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, बाई, आमचा ऊस तर हा वायू खातो. बरोबर आहे, आणि हा मुद्दा मला नीट सोडवायचा आहे, कारण सहकारी कारखानदारीचं मोठं बळ यात आहे. ऊस बारा ते अठरा महिन्यांत हवेतून जो कार्बन घेतो, तो साखर खाऊन, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून, वाडं जनावरांच्या पोटात जाऊन वर्षा-दोन वर्षांत परत हवेत जातो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जळणारं चिपाडही तसंच. घेतलं तेवढं परत दिलं, शिल्लक शून्य. म्हणून आपण कार्बन साठवतो असं म्हणता येत नाही. पण कारखाना बगॅसवर वीज करतो आणि तेवढ्यापुरता कुठल्यातरी औष्णिक केंद्रातला दगडी कोळसा वाचतो, ही खरी जमा आहे. ती अहवालात युनिट आणि रुपयांत दाखवली जाते. किती टन कोळशाचा धूर टळला, हे मात्र आजवर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

आता खर्चाची बाजू. तोडणी झाली, टोळी पुढच्या फडाला गेली, की संध्याकाळी कुणीतरी बांधावर येतो, मूठभर पाला पिळतो, पेटवतो आणि वाऱ्याच्या बाजूने सरीत टाकून देतो. दहा मिनिटांत एकर जळून जातो. त्या रात्री गावात काळ्या पापुद्र्यांचा पाऊस पडतो. दोरीवरच्या धुण्यावर, गच्चीवरच्या सांडग्यांवर, दम्याच्या म्हाताऱ्या माणसांच्या उशीवर. एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे हा वाळलेला पाला, निघतं. त्यात जवळपास अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे पंधरा ते वीस किलो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असतं. काडी लावली की आपण जवळजवळ एक गोणी युरिया पेटवून देतो, कारण नत्राचा बहुतेक भाग धुरातच निघून जातो. पाचटातला कार्बन डायऑक्साइड त्याच वर्षीचा असतो, तो हिशेबात फारसा धरायचा नाही. पण अशा अर्धवट जळण्यातून मिथेन निघतो, नायट्रस ऑक्साइड निघतो आणि काजळी निघते. ती मात्र नवी भर. शिवाय जमिनीत मुरू शकला असता तो सेंद्रिय कर्ब गेला तो गेलाच.

दुसरी गोष्ट युरियाची. हिच्यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण हिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. आपण युरिया फोकतो, पाठोपाठ पाटाने पाणी सोडतो, सरी तुडुंब भरतो. जमिनीत हवा राहिली नाही की तिथले जिवाणू नत्राचं रूपांतर वायूत करतात. त्यातला एक म्हणजे नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पट उष्णता धरतो आणि हवेत शतकभर टिकतो. जागतिक पातळीवरच्या हिशेबात ढोबळमानाने असं धरतात की टाकलेल्या नत्राचा एक टक्का या वायूच्या रूपात उडतो. एका गोणीचं गणित मी वहीत करून पाहिलं. २०.७ किलोचा एक टक्का म्हणजे दोनशे सात ग्रॅम नत्र, त्याचा वायू होतो साधारण सव्वातीनशे ग्रॅम. तो उष्णता धरतो ८८ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. ट्रॅक्टरमध्ये तीस लिटरहून जास्त डिझेल जाळल्यावर एवढा धूर होतो. शेतात ना आवाज, ना वास, ना काळा ढग. माझ्या दोन एकरांत एका लागणीला बारा गोण्या गेल्या, म्हणजे या एका वायूपोटी टनभर. पाणथळ जमिनीत तो जास्तच निघतो, आणि शिरोळकडच्या क्षारपड रानांत पाणी किती दिवस तुंबून राहतं हे तुम्हाला मी सांगायला नको. ठिबकमधून हप्त्याहप्त्याने खत दिलं, माती तपासून दिलं, तर तेवढ्याच उसाला कमी गोण्या लागतात. यात आधी आपलाच पैसा वाचतो.

मिथेनबद्दल थोडक्यात. म्हैस रवंथ करताना तिच्या पोटातले सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि तो ढेकरातून बाहेर पडतो. दुधावर घर चालणाऱ्या जिल्ह्यात कुणाला म्हैस विका म्हणायचं पाप मी करणार नाही. पण उघड्यावर साचलेलं शेण, कुजणारा कचरा, आसवनीचं सांडपाणी यांतला मिथेन टाकीत धरता येतो आणि जाळून वापरता येतो. गोबरगॅस आपल्या जिल्ह्याला नवा नाही. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो, पण हवेत बारा-एक वर्षंच टिकतो. आज अडवला तर त्याचा गुण आपल्या हयातीत दिसतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही, त्याचा मोठा भाग शतकानुशतकं वरच राहतो.

आणि याचा पुराशी संबंध काय? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पृथ्वी औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा एक अंशाहून जास्त तापली आहेच, आणि २०२४ हे साल तर दीड अंशाच्याही वर गेलं. अरबी समुद्र तापलाय, त्यावरून येणारे वारे जास्त पाणी घेऊन सह्याद्रीला धडकतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आपण त्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहोत, पण समुद्र तोच आहे. तेव्हा २०१९ चा पूर फक्त या वायूंमुळे आला, असं मी म्हणणार नाही. असा पाऊस पडण्याची शक्यता या वायूंनी वाढवली आहे, हे मात्र ठामपणे म्हणते.

आपल्या जिल्ह्यातला सगळा पाला जाळायचा थांबला म्हणून पुढच्या जुलैत पंचगंगा ४३ च्या आत राहील, असंही नाही. वायू जगभर मिसळतो. जगात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून वर्षाला ३५ अब्ज टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यापुढे आपला वाटा चिमूटभर. मग कशाला? कारण उद्या आपण सरकारपुढे उभे राहून पीक विमा मागणार, पुनर्वसन मागणार, मोठ्या धुरांड्यांच्या देशांनी किंमत मोजावी असं म्हणणार. तिथे बोलणाऱ्याला स्वतःच्या घरचा आकडा माहीत असला पाहिजे. शिवाय माझ्या दोन एकरांवर जे माझ्या हातात आहे, ते मला ठाऊक तरी असावं. ते ठाऊक नसताना मी तीस वर्षं मुलांना 'हरितगृह परिणाम' शिकवत होते आणि घरी आमचा पाला दरवर्षी पेटत होता. हे मला आज बोचतं. २०२१ नंतर आम्ही तो पेटवलेला नाही. बुडखे छाटून घेतो, एक सरी सोडून पाचट दाबतो. पहिल्या वर्षी खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून फुटलेल्या उसात, पाणी पाजायला त्रास झाला, उंदीरही झाले. तिसऱ्या वर्षी माती हातात घेतली तर भुसभुशीत होती आणि गांडूळ सापडलं.

म्हणून माझी मागणी. यंदाच्या अहवालात एक पान हवेच्या हिशेबाचं छापा. त्यासाठी वेगळा माणूस लागणार नाही. उसाची नोंद घेणारा कारखान्याचा चिटबॉय येतो तेव्हाच गेल्या तोडीचं पाचट ठेवलं की जाळलं, हे त्याला विचारून लिहू दे. शेती खात्यामार्फत किती गोण्या युरिया वाटला, हे तुमच्या गोदामाच्या वहीत आहेच. कारखान्याने किती डिझेल आणि बाहेरची वीज वापरली, बगॅसवर किती वीज केली, आसवनीच्या सांडपाण्यातला किती गॅस धरला, हे आकडे तुमच्या अभियंत्यांच्या टेबलावर आहेत. ते एका पानावर आणा. चुकले तर पुढच्या वर्षी दुरुस्त करू.

पाचट कुट्टीचं यंत्र गट ऑफिसला एक तरी ठेवा आणि तोड संपल्याच्या आठवडाभरात ते फडावर यावं अशी पाळी लावा. उशीर झाला की शेतकरी काडी लावतोच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. खोडवा फुटायच्या आत त्याला रान मोकळं हवं असतं. तोडणीच्या टोळ्यांतल्या बायका-पोरांच्या डोळ्यांत हाच धूर जातो, त्यांच्या मुकादमांनाही या बोलण्यात घ्या.

आणि सभेत अर्धा तास द्या. साखरेच्या दरावर, ऊसदरावर भांडण होणार, ते व्हायलाच पाहिजे. त्याच्या आधीचा अर्धा तास. सभासदांत निम्मे लोक दहावीच्या पुढे न गेलेले आहेत, पण साखरेचा उतारा टक्क्याच्या दुसऱ्या दशांशापर्यंत तोंडपाठ सांगतात. दहा लाखांत सव्वाचारशे त्यांना समजणार नाही, हे मला मान्य नाही. ज्या गट ऑफिसला बोलवाल तिथे मी येईन, मानधन नको. पंधरा लिटरचा पंप आणि मिलीचं मोजमाप तेवढं तिथे असावं.

सभेची नोटीस निघण्यापूर्वी हा विषय पत्रिकेवर घेतला की नाही, हे कळवावं ही विनंती.

कळावे,
आपली,
एक ऊस उत्पादक सभासद आणि निवृत्त विज्ञान शिक्षिका,
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर